ॲल्युमिनियम बोटीच्या ट्रान्समवर ट्रान्सड्यूसर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सड्यूसर म्हणजे खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राचा, पाण्यात ध्वनी सोडून परतलेला ध्वनी टिपणारा भाग. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. ही माहिती साधारण चार ते आठ मीटर लांबीच्या, आउटबोर्ड इंजिनाच्या ॲल्युमिनियम बोटींसाठी आहे. मुंबईच्या खाऱ्या, गढूळ पाण्यात चालणाऱ्या आणि ओहोटीला बऱ्याचदा गाळात बसणाऱ्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. सगळ्या उत्तरांमागे दोनच गोष्टी आहेत. ट्रान्सड्यूसरच्या खालून जाणाऱ्या पाण्यात हवा नको, आणि ॲल्युमिनियमला दुसरा धातू ओल्यात चिकटलेला नको. पहिली गोष्ट चुकली तर त्याच दिवशी कळते, दुसरी चुकली तर दोन-तीन मोसमांनी, आणि तोवर पत्रा खाल्लेला असतो.

ट्रान्सड्यूसर ट्रान्समवर नेमका कुठे बसवायचा?

बोटीच्या मागे उभे राहून पुढे पाहा. बहुतेक एका इंजिनाच्या बोटींचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजव्या बाजूला पाती खाली जातात आणि डाव्या बाजूला वर येतात. वर येणारी पाती बुडबुडे घेऊन येतात, म्हणून ट्रान्सड्यूसर उजवीकडे बसवायचा. पंखा उलटा फिरणारा असेल तर डावीकडे. शंका असेल तर इंजिन न्यूट्रलला टाकून, किल्ली काढून, पात्यांचा तिरकेपणा बघा. तेवढ्यावरून दिशा समजते.

पंख्यापासून अंतर किमान ३८ सेंमी ठेवा. सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि इंजिन पूर्ण वर उचलून पाहा. इंजिनाचा कुठलाही भाग ट्रान्सड्यूसरला किंवा केबलला लागता कामा नये.

आता खाली वाका आणि बोटीचा तळ मागून पुढे नीट न्याहाळा. ॲल्युमिनियम बोटीत खरी अडचण इथे असते. फायबरच्या बोटीचा तळ गुळगुळीत असतो. ॲल्युमिनियमच्या तळाला लांबीभर उभ्या पट्ट्या, रिव्हेटच्या ओळी, वेल्डिंगचे फुगवटे आणि कधी कधी पाणी आत घेणारी जाळी असते. यातली प्रत्येक गोष्ट चालत्या बोटीत आपल्या मागे बुडबुड्यांची शेपूट सोडते. ट्रान्सड्यूसर त्या शेपटीत आला तर कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधली, पुढे निदान मीटरभर रिव्हेटची ओळ नसलेली जागा शोधा. मार्करने दोन-तीन जागांवर खुणा करून ठेवा, चाचणीत कामाला येतील.

फार बाहेरच्या कडेलाही जाऊ नका. व्ही आकाराचा तळ असेल तर बोट डुलली किंवा वळली की कडेचा ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो.

तळाच्या किती खाली ठेवायचा?

फायबरच्या बोटीला ३ मिमी पुरतात, ॲल्युमिनियमला साधारण १० मिमी लागतात. रिव्हेट आणि पट्ट्यांमुळे तळाला लागून वाहणारा फेसाळ पाण्याचा थर जाड असतो. त्याच्या खालच्या स्वच्छ पाण्यात पोचण्यासाठी हा जास्तीचा उतार.

मोजायची रीत: ३० सेंमीची स्टीलची पट्टी तळाला घट्ट लावून ट्रान्समच्या बाहेर काढा. पट्टीच्या खालच्या बाजूपासून ट्रान्सड्यूसरच्या तोंडापर्यंतचे अंतर ट्रान्सड्यूसरच्या मध्यरेषेवर मोजा. तळ व्ही आकाराचा असेल तरी ट्रान्सड्यूसर त्या उतारावर कलता ठेवू नका. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी समांतर हवे, नाहीतर ध्वनीचा झोत एका बाजूला जातो आणि खोली जास्त दिसते.

ट्रेलरवर किंवा लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) ठेवलेली बोट पाण्यातल्यासारखी सपाट नसते. बोट पाण्यात, नेहमीच्या वजनासह उभी असताना बाजूला पाण्याची रेघ पेन्सिलने आखून घ्या. वर काढल्यावर त्या रेघेच्या हिशेबाने लेव्हल लावा.

पुढे-मागे कल किती द्यावा?

बोट थांबलेली असताना ट्रान्सड्यूसरचे मागचे टोक पुढच्यापेक्षा किंचित खाली. एक ते तीन अंश पुरे. पुढचे टोक खाली गेले तर त्याच्यामागे पोकळी तयार होते आणि वेगात तळ दिसेनासा होतो. मागचे टोक गरजेपेक्षा जास्त खाली गेले तर पाण्याचा फवारा उडतो आणि मासे कमानीसारखे दिसण्याऐवजी अर्धवट, एका बाजूला ओढल्यासारखे दिसतात.

भोक पाडण्याआधी जागा बरोबर आहे हे कसे कळेल?

चाचणी करूनच. ट्रान्सड्यूसर धरणारे ब्रॅकेट एका लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवा. पट्टी ट्रान्समवर सी-क्लॅम्पने आवळा, क्लॅम्पच्या जबड्याखाली रबराचा तुकडा ठेवा. क्लॅम्पला आणि ट्रान्सड्यूसरला वेगवेगळी दोरी बांधा, कारण पट्टी सुटली तर सगळा भार केबलवर येतो. केबल टेपने तात्पुरती लावा. मग खाडीच्या आडोशाला, सपाट पाण्यात, आधी सावकाश आणि मग हळूहळू वेग वाढवत चला. प्रत्येक खुणेवर तळाची रेघ किती वेगापर्यंत अखंड राहते ते लिहून ठेवा. एक माणूस सुकाणूवर आणि एक स्क्रीनवर हवा. एकट्याने ही चाचणी करू नका.

यात अर्धा दिवस जातो. पाण्याखालच्या पत्र्यात चुकीच्या जागी पाडलेली चार भोके बुजवण्यापेक्षा तो परवडतो.

आतून तळाला चिकटवला तर भोकच पाडायला नको, असे का करू नये?

कारण ॲल्युमिनियममधून ध्वनी नीट जात नाही. आतून चिकटवण्याची पद्धत भरीव, एकसंध फायबरच्या तळासाठी आहे. धातूच्या पत्र्यावर ध्वनीचा मोठा भाग आतच परततो. उथळ पाण्यात काहीतरी आकडा दिसेल, त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. डाउन-स्कॅन किंवा साइड-स्कॅन (खालचे किंवा बाजूचे चित्रासारखे दाखवणारा प्रकार) असेल तर ही पद्धत पूर्ण बाद.

थेट ट्रान्समला स्क्रू मारावे की मध्ये प्लेट लावावी?

आमची पसंती प्लेटला आहे, आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटीसाठी तर आग्रह आहे. दोन प्रकार चालतात.

पहिला एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, तुकडा. १९ मिमी जाडीचा, साधारण १५ बाय २५ सेंमीचा पुरतो. तो बोल्टने पक्का करायचा, आणि बोल्ट शक्य तितके वर, पाण्याच्या रेघेच्या वर घ्यायचे. ट्रान्सड्यूसरचे स्क्रू मग प्लास्टिकमध्ये जातात, बोटीत नाही. पुढे ट्रान्सड्यूसर बदलला, वर-खाली करावा लागला, तरी बोटीला नवे भोक पडत नाही. तुकड्याची खालची कड तळापासून २० ते २५ मिमी वर ठेवा, तळाखालून वाहणाऱ्या पाण्यात उतरू देऊ नका. १२ मिमीचा तुकडा वरच्याच बोल्टवर लटकला तर वेगात खालून थरथरतो, म्हणून जाडी कमी करू नका. एचडीपीईला साधे सीलंट किंवा गोंद धरत नाही. त्यामुळे नुसते चिकटवून बसवू नका. बोल्ट हवेतच, सीलंट फक्त पाणी अडवायला. प्लायवुडचा तुकडा चालेल का, असे विचारले जाते. नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि त्याखालचा पत्रा कायम ओला राहतो.

दुसरा प्रकार वेल्डिंगचा. बोट ४ मिमी किंवा त्याहून जाड पत्र्याची, वेल्ड केलेली असेल तर ५०८३ किंवा ५०८६ मिश्रधातूचा छोटा पॅड ट्रान्समला वेल्ड करून घ्यावा आणि त्या पॅडमध्ये आटे पाडावेत. पत्र्याला आरपार भोकच नाही, हा सर्वांत टिकाऊ मार्ग. फिलर (वेल्डिंगची तार) ५३५६ किंवा ५१८३. भंगारातला, कुठला मिश्रधातू आहे हे माहीत नसलेला तुकडा वापरू नका. दारूखान्यात तुकडे स्वस्त मिळतात, पण त्यांवर मिश्रधातूचा शिक्का दिसला तरच घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, स्क्रीन आणि रेडिओ काढून बाजूला ठेवा, पेट्रोलची टाकी बोटीबाहेर काढा. ट्रान्समच्या आतल्या बाजूला फोम किंवा प्लायवुड भरलेले असेल तर वेल्डिंग करूच नका. फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

स्क्रू-बोल्ट कुठले वापरायचे? सोबत आलेले स्टेनलेसचे चालतील ना?

स्टेनलेसचेच वापरायचे, ३१६ दर्जाचे, पण ॲल्युमिनियमला उघडे टेकवायचे नाहीत. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते, स्टेनलेस तसेच राहते. सुरुवातीला स्क्रूच्या डोक्याभोवती रंगाला बारीक फोड येतो. नखाने दाबला तर फुटतो आणि आतून पांढरी भुकटी निघते. ती भुकटी म्हणजे तुमच्या बोटीचा पत्रा. पुढच्या वर्षी स्क्रू भोकात सैल फिरू लागतो आणि आत पाणी झिरपते.

हे टाळायला स्क्रूच्या आट्यांना आणि डोक्याखाली ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंना वेगळे ठेवणारे लेप) भरपूर लावा. वॉशर नायलॉनचे घ्या. आरपार बोल्ट असेल तर भोकात नायलॉनची बुशिंगही घाला. म्हणजे एम-५ बोल्टसाठी भोक बुशिंगच्या बाहेरच्या मापाचे, साधारण ७ ते ८ मिमी. आतल्या बाजूला मोठा वॉशर आणि नायलॉक नट.

दोन-तीन मिमीच्या पत्र्यात नुसते आटेवाले स्क्रू धरत नाहीत. पत्र्यात मोजकेच आटे बसतात, आणि ट्रान्सड्यूसरला लाकूड किंवा जाळे अडकले की ओढून निघतात. आत हात पोचत असेल तर बोल्टच लावा.

पितळेचे स्क्रू कधीच नाहीत. तांबे असलेला कुठलाही धातू ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षा लवकर खातो. याच कारणासाठी कांस्याच्या बॉडीचा ट्रान्सड्यूसर ॲल्युमिनियम बोटीला लावू नका, प्लास्टिक बॉडीचाच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रूही नकोत, मुलामा गेला की गंज सुरू.

३१६ दर्जाचे बोल्ट, नायलॉनचे वॉशर आणि बुशिंग नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. दुकानात चुंबक लावून बघण्याची पद्धत आहे. ती फार भरवशाची नाही, कारण ३०४ दर्जालाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए-४ असा शिक्का बघा. तोच ३१६ गटाचा.

सीलंट कुठले?

मरीन पॉलियुरेथेन: थ्री-एम ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१ या जातीचे. थ्री-एम ५२०० घेऊ नका. ते इतके घट्ट धरते की पुढे ब्रॅकेट काढताना रंग आणि कधी प्लास्टिकही सोबत येते.

सर्वांत जास्त चूक होते ती घरगुती सिलिकॉनमध्ये. बाथरूमला लावतात त्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते ॲसिटिक ॲसिड आहे, आणि ते ॲल्युमिनियमला खाते. वास आला की ट्यूब बाजूला ठेवा.

पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने सुकते, त्यामुळे मुंबईच्या हवेत ते लवकरच धरते. मात्र ज्या पत्र्यावर लावायचे तो पूर्ण कोरडा हवा. पावसाळ्यात पहाटे पत्र्यावर दव असते ते डोळ्यांना दिसत नाही. हात फिरवून बघा, ॲसिटोनने पुसा, वाळू द्या, मग लावा. पाण्यात उतरवण्याआधी ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा.

भोके पाडायची पद्धत काय?

ब्रॅकेटला लांबट खाचा असतात. सुरुवातीला भोके खाचांच्या बरोबर मध्यावर येतील अशी पाडा, म्हणजे नंतर वर-खाली करायला जागा राहते. काही ब्रॅकेटना कायमचे लॉक करणारे तिसरे, गोल भोक असते. ते चाचण्या संपेपर्यंत पाडायचे नाही.

जागेवर मास्किंग टेप लावा, ब्रॅकेट धरून खुणा करा, सेंटर पंचने हलका ठोका द्या. नाहीतर ड्रिल गुळगुळीत पत्र्यावर घसरते. आधी ३ मिमीने छोटे भोक, मग हव्या मापाचे. थेट आटे पाडायचे असतील तर एम-५ साठी ४.२ मिमी. ड्रिल बिटवर टेप गुंडाळून खोलीची मर्यादा ठेवा, आतल्या बाजूला वायर किंवा टाकी असू शकते. वेग कमी ठेवा आणि बिटवर रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० टाकत राहा, ॲल्युमिनियम बिटला चिकटते. भोकाच्या कडेची धार मोठ्या बिटने हातानेच दोन-तीन फेऱ्या फिरवून काढा.

लोखंडावर वापरलेला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर इथे आणू नका. त्यातले लोखंडाचे कण ॲल्युमिनियमच्या मऊ पृष्ठभागात रुतून बसतात आणि तिथूनच खड्डे पडायला लागतात. भोकाचा चुरा ब्रशने झाडा, आत बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खोलगट भागात) पडलेलाही काढा. त्यानंतर ड्युरालॅक, सीलंट, बोल्ट. बोल्ट हाताच्या पान्यानेच आवळा, प्लास्टिकचे ब्रॅकेट पॉवर टूलने तडकते.

ट्रान्समच्या आत प्लायवुड आहे. काही वेगळे करायचे का?

हो, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. रिव्हेटच्या बोटींमध्ये ट्रान्समच्या दोन पत्र्यांमध्ये प्लायवुड असते. भोकातून तिथे पाणी शिरले की लाकूड कुजते आणि इंजिन ज्यावर टांगलेले आहे तो ट्रान्समच मऊ पडतो. उपाय असा: भोक हव्या मापापेक्षा ५-६ मिमी मोठे पाडा, आतले लाकूड पूर्ण कोरडे करा, बाहेरून टेप लावून घट्ट मिश्रणाचे इपॉक्सी भरा, ते कडक झाल्यावर त्याच्या मध्यातून योग्य मापाचे भोक पाडा. आता स्क्रूभोवती लाकूड नसून इपॉक्सी आहे.

प्लायवुड बदलायची वेळ आली तर तांबे असलेल्या रसायनाने ट्रीट केलेले लाकूड आणू नका. ओले झाले की तेही पत्रा खाते.

केबल कशी न्यायची?

वर, ट्रान्समच्या काठावरून. पाण्याखाली केबलसाठी भोक कधीही नको. काठावरून जागा नसेल तर पाण्याच्या रेघेच्या बऱ्याच वर भोक घ्या, कनेक्टर मोजून. बहुतेक १६ ते २५ मिमीत बसतात. रबराचे ग्रोमेट घालाच, पत्र्याची कड केबलला थरथरून कापते. भोकाबाहेर केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि आत जाणार नाही.

केबल कापून जोडू नका. जास्तीची केबल आठच्या आकड्यासारखी मोठ्या वेढ्यांत गुंडाळून कोरड्या जागी बांधा. इंजिनाच्या वायरिंगपासून आणि व्हीएचएफ रेडिओच्या केबलपासून शक्य तितकी दूर, वेगळ्या बाजूने न्या.

स्क्रीनची वीज कुठून घ्यावी? निगेटिव्ह बोटीच्या पत्र्याला जोडला तर?

पत्र्याला कधीच नाही. गाडीत बॉडीला अर्थ देतात, तसे ॲल्युमिनियम बोटीत केले तर करंट पत्र्यातून आणि पाण्यातून वाहतो. त्याने पत्रा इतक्या वेगाने खाल्ला जातो की काही आठवड्यांत आरपार छिद्र पडू शकते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारा थेट बॅटरीला न्या, पॉझिटिव्हवर फ्यूज लावा. छोट्या स्क्रीनला बहुधा ३ अँपिअरचा लागतो, मॅन्युअलमधला आकडा पाळा. तारा कथील चढवलेल्या घ्या. साधे तांबे इथल्या खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळे पडत जाते.

बोट थांबलेली असताना सगळे छान दिसते, वेग घेतला की तळ जातो. काय तपासायचे?

आधी हे ठरवा की त्रास पाण्याचा आहे की विजेचा. बोट एका जागी ठेवून इंजिन न्यूट्रलमध्येच रेस करा. स्क्रीनवर रेघा, ठिपके उमटू लागले तर त्रास विजेचा: केबल इंजिनाच्या वायरिंगजवळून गेली आहे, किंवा स्क्रीनची वीज इंजिनाच्या वायरिंगमधून घेतली आहे. रेघा व्हीएचएफवर बोलताना येत असतील तर दोन केबल एकत्र बांधलेल्या असणार. न्यूट्रलला सगळे स्वच्छ असेल आणि चालल्यावरच बिघडत असेल तर त्रास पाण्याचा, म्हणजे बुडबुड्यांचा.

बुडबुडे असतील तर सर्वांत आधी ब्रॅकेट बघा. बरेच ब्रॅकेट धक्का बसला की वर उचलले जाण्यासाठीच बनवलेले असतात. तरंगती फांदी लागून ते वर गेले असेल आणि कुणाच्या लक्षात आले नसेल. ब्रॅकेट जागेवर असेल तर ट्रान्सड्यूसर एका वेळी ३ मिमीच खाली घ्या आणि पुन्हा चालवून बघा. दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर मागचे टोक आणखी एक अंश खाली करा. तरीही नाही, तर जागाच चुकली आहे. पुढे बघा, रिव्हेटची ओळ किंवा पट्टी सापडेलच.

मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पाण्याचा फवारा उडत असेल तर ट्रान्सड्यूसर फार खाली आहे. वेगात खोली अचानक अर्ध्या-पाऊण मीटरवर अडकून राहिली तर तो तळ नाही, तोंडाखालचा फेस आहे. फक्त तीव्र वळणावर तळ जात असेल तर काही करायची गरज नाही.

नवाकोरा ट्रान्सड्यूसर पाण्यात उतरवल्यावर सुरुवातीला बारीक बुडबुडे तोंडाला चिकटतात. तोंड सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसून उतरवा.

खाडीत दोन तळ दिसतात, किंवा तळाची रेघ धूसर येते. ट्रान्सड्यूसर खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. मुंबई बंदराच्या आतल्या बाजूला आणि ठाणे खाडीत तळाशी मऊ गाळ आहे, वर ओला-पातळ आणि खाली घट्ट. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ५० किंवा ८३ किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर दोन तळ दिसतात, आणि दोन्ही खरे असतात. बोट रुतेल की नाही यासाठी वरचा धरा, नांगर धरेल की नाही यासाठी खालचा.

उलट वांद्रे-वरळीच्या खडपाजवळ तळ कडक असतो. तिथे उथळ पाण्यात खऱ्या तळाच्या बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी रेघ येते. ध्वनी तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात दोनदा जाऊन येतो त्याची ती रेघ. सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली की जाते.

पाणी कितीही गढूळ असले तरी तेवढ्याने ध्वनी अडत नाही. अडवते ती हवा.

स्क्रीनवरची खोली आणि चार्टवरची (समुद्राच्या नकाशावरची) खोली जुळत नाही.

जुळायची नाहीच. चार्टवरची खोली ओहोटीच्या नीचांकी पातळीच्या आसपासून मोजलेली असते. तिच्यात त्या वेळची भरती मिळवावी लागते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाला, म्हणजे भरती लहान असण्याच्या दिवसांत, तो दीड-दोन मीटरवर येतो. चार्टवर २ मीटर असलेल्या जागी ३ मीटर भरती असेल तर ५ मीटर पाणी आहे.

याशिवाय स्क्रीनमधला ऑफसेट भरा. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली २५ सेंमी असेल तर अधिक ०.२५ मीटर भरल्यावर पृष्ठभागापासूनची खोली दिसते. इंजिनाचे सर्वांत खालचे टोक ट्रान्सड्यूसरच्या ४० सेंमी खाली असेल आणि त्याखाली किती पाणी उरले हे हवे असेल तर उणे ०.४० भरा. कुठला ऑफसेट भरला ते स्क्रीनशेजारी चिकटवून ठेवा. बोट दुसऱ्या कुणी चालवली तर तोच आकडा वेगळ्या अर्थाने वाचला जातो, आणि रात्री खाडीच्या तोंडाशी हा घोटाळा महागात पडतो.

ओहोटीला बोट गाळात बसते. ट्रान्सड्यूसर मोडणार नाही का?

तळाखाली १० मिमी बाहेर असलेली वस्तू आहे, बोटीचे वजन तिच्यावर येऊ शकते. मऊ गाळात सहसा ट्रान्सड्यूसर रुततो आणि वाचतो. खाली दगड, शिंपल्यांचा थर किंवा धक्क्याचा तुकडा असेल तर बॉडी तडकते. माहीम, वर्सोवा, मनोरी अशा ठिकाणी बोट ठेवत असाल तर वर उचलून ठेवता येईल असेच ब्रॅकेट घ्या आणि पाणी उतरण्याआधी उचला.

गाळाचा दुसरा त्रास सावकाश होतो. ब्रॅकेट आणि ट्रान्सम यांच्या फटीत ओला गाळ महिनोन्‌महिने अडकून राहिला की तिथे हवा पोचत नाही, ॲल्युमिनियमचा संरक्षक थर नीट तयार होत नाही आणि खड्डे पडतात. फट सीलंटने भरून टाका, आणि बोट वर आली की गोड्या पाण्याचा पाइप तिथे मारा.

बार्नॅकल (पाण्यातल्या वस्तूंना चिकटणारे कवचाचे जीव) कसे काढायचे? रंग लावला तर चालेल?

इथल्या कोमट पाण्यात बोट कायम उभी असेल तर काही आठवड्यांतच तोंडावर थर जमतो आणि सिग्नल मरतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. धातूची पट्टी, वायर ब्रश, ॲसिड, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही तोंडाला लागू देऊ नका.

ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला फक्त पाण्यावर आधारित, ट्रान्सड्यूसरसाठीचाच अँटीफाउलिंग (जीव चिकटू न देणारा) रंग पातळ हाताने लावा. कीटोन असलेला रंग प्लास्टिक मऊ करतो. तांबे असलेला अँटीफाउलिंग रंग ॲल्युमिनियमच्या तळाला अजिबात नको, त्याचे कारण पितळी स्क्रूंचेच. दर वेळी वर काढल्या जाणाऱ्या बोटीला रंगाची गरज नाही.

पाण्यात फिरणारे चाक असलेले स्पीड सेन्सर गाळाने आणि बार्नॅकलने इथे वारंवार अडकतात. वेग जीपीएसवरून घ्या.

साइड-स्कॅनचा ट्रान्सड्यूसर असेल तर?

वरचे सगळे लागू, आणि एक जास्त: त्याला दोन्ही बाजूंना मोकळी दृष्टी हवी. खाली सोडलेल्या इंजिनाचा पाय आडवा आला तर त्या बाजूच्या चित्रात कायम काळा पट्टा दिसतो.

काम कधी काढावे?

१ जूनपासून मासेमारी बंदी लागली की बोटी वर येतात, तेव्हा आडोशाखाली निवांत करता येते. चाचणी मात्र समुद्र निवल्यावर, नारळी पौर्णिमेनंतरच्या भांगाच्या दिवसांत करा. म्हणून तिसरे लॉकचे भोक तोवर राखून ठेवा.

जुनी भोके कशी बुजवायची?

नुसते सीलंट भरून सोडू नका, ते आकसून निघते. पत्रा ४ मिमी किंवा जाड आणि आत फोम-लाकूड नसेल तर वेल्ड करून घासून घ्या. पातळ पत्र्याला बंद टोकाचा ॲल्युमिनियम रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मारा. साधा, आरपार पोकळ पॉप रिव्हेट चालत नाही, मधून पाणी येते. आत प्लायवुड असेल तर आधी लाकूड वाळवून इपॉक्सी भरा, मग बाहेरून रिव्हेट. जुन्या भोकाभोवती पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले तर नवे भोक त्यापासून किमान ३० मिमी दूर, चांगल्या पत्र्यात घ्या.